गावाचा वैकुंठरथ

आमच्याकडे कुणी गेलं की 'माती किती वाजता' हे विचारायच्या आधी विचारतात, 'खांद्याला कोण कोण आहे?' खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळचं आमचं गाव. इथं घरटी एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यात बाहेर असतो. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात सोनं-चांदी शुद्ध करायची, हा तो धंदा. दुष्काळानं आमच्या आज्या-बापांना घराबाहेर काढलं आणि आज कोचीपासून गुवाहाटीपर्यंतच्या सराफ बाजारांत हिंडलात तर आमच्या बोलीतली हाक कानावर येते. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, द्राक्षं-डाळिंबं उभी राहिली, पण दुकानं तिकडंच आहेत आणि माणसंही. यात्रेला गाव भरतं. एरवी गावात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेची पोरं. घरं मळ्यामळ्यांवर पांगलेली, आणि स्मशानभूमी गावाच्या दुसऱ्या अंगाला ओढ्याकाठी. लांबच्या मळ्यावरून तिरडी खांद्यावर आणायची तर दमाची माणसं लागतात, आणि तीच नसतात.

मीही उमेदीची वर्षं तमिळनाडूत, सेलममध्ये भट्टीपुढं काढली. वडील गेले तेव्हा तिथंच होतो. रेल्वे, एसटी, शेवटी वडापची जीप, असं करत पोचलो तेव्हा सावडायची तयारी चालली होती. वडिलांना खांदा कुणी दिला ते शेजाऱ्यांनी एकेक नाव घेऊन सांगितलं. ती चारही नावं मला अजून पाठ आहेत. धंदा मुलाच्या हाती देऊन गावी परतलो तेव्हापासून गावातली एकही माती मी चुकवलेली नाही.

मळ्यावरची मयत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणायची रीत मधल्या काळात पडली होती. माझ्या चुलतीलाही तसंच आणलं, ऐन पावसाळ्यात. ट्रॉलीत आदल्या दिवशीचं शेणखत होतं. ते घाईघाईनं खरडून काढलं, पाणी मारलं, वर गोणपाट टाकलं. ओढ्याच्या उताराला ट्रॉलीनं हिसका दिला आणि तिरडी एका अंगाला कलली. आम्ही बाजूचे बांबू घट्ट धरून उभे होतो म्हणून ती खाली आली नाही. पांघरुणातून चुलतीचा हात बाहेर आला. खुरपं धरून धरून बोटं वाकडी झालेला, मनगटापर्यंत उन्हानं काळा पडलेला. या हातानं मला लहानपणी भाकरी मोडून घातली होती. तो हात मी आत घेतला, पांघरूण नीट केलं आणि तिथंच मनाशी धरलं की गावाला गाडी करायची. मालाच्या ट्रॉलीतून माणूस न्यायचा नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडला. सरपंचांचा पाठिंबा होता, गलाईवाल्यांच्या ग्रुपवर वर्गणीचे आकडे आधीच पडायला लागले होते. पैशाची अडचण आली नाही. अडचण आली ती वेगळ्याच जागेवरून. वरच्या आळीच्या एक आक्का उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आणा की गाडी. पर आणली म्हंजी ती बसून ऱ्हायाची न्हाय. मोकळी उबी ऱ्हायली की माणूस मागती."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच. टिटवी घरावरून ओरडत गेली तर आजही आमच्याकडे म्हातारी माणसं अंथरुणावर उठून बसतात. मरणाला आपण पायी कधी येऊ दिलंय? यमाला रेडा दिला. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आलं, असं कीर्तनात ऐकतच आम्ही मोठे झालो. आक्कांच्या बोलण्यानं मला खोदून वाचायला लावलं, तेव्हा कळलं की फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात, अशीच एक गाडी लोककथांतून फिरते. अंकू नावाचा मरणाचा गडी ती हाकतो. गावात वर्षाच्या शेवटी जो मरेल तो पुढच्या वर्षीचा अंकू. रात्री करकरत्या आसाचा आवाज आला की कुणाची तरी घटका भरली असं समजायचं. आयर्लंडमध्येही मरणाची घोडागाडी आहे, ती एकदा निघाली की रिकामी परतत नाही असं मानतात. म्हणजे आक्का जे आमच्या पारावर म्हणाल्या तेच हजारो कोस लांबच्या कुठल्या तरी म्हातारीनं आपल्या चुलीपाशी सांगितलेलं असणार.

मी आक्कांच्या घरी जाऊन बसलो. म्हटलं, "आक्का, गोष्टीतली गाडी मरणाची असती. तीच येती, तीच नेती. ही गाडी आपली. माणूस आधी जातो, मग आपण त्याला न्यायला गाडी काढतो." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आन् ती करोनातली?"

खरी भीती तिथं होती. 2020 आणि 2021 साली आमच्या गावची काही माणसं चालत गाडीत बसून दवाखान्यात गेली आणि परत आली नाहीत. पांढरी गाडी, अंगभर झाकलेले चार अनोळखी लोक, पिशवीची चेन लावलेली. ना अंघोळ, ना पाणी पाजणं, ना खांदा. आक्कांच्या धाकट्या दिरांना घरच्यांनी रस्त्याच्या पलीकडून हात जोडले तेवढंच. रेड्यावरचा यम पुराणातला, पण ही गाडी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेली. आमच्या गावाच्या मनात मरणाचं चित्र त्या दोन वर्षांत बदललं, आणि त्यावर कुणी मोकळेपणानं बोललंही नव्हतं. मी आक्कांना शब्द दिला: गाडी पांढरी नसेल, तिला सायरन नसेल, आणि घरच्यांना लांब ठेवेल अशी तिची बांधणी नसेल. पुढचं सगळं काम या तीन गोष्टींभोवती फिरलं.

गाडी घेतली ती वापरलेली, छोटा हत्ती. इंजिन चांगलं होतं, हौदा गंजलेला. तो तसाही काढायचाच होता. नाव ग्रामपंचायतीवर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, शिवाय ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. कुणी असं काम करणार असेल तर एक गोष्ट आधी करावी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या वर्णनाशी न जुळणारा बदल परवानगीवाचून करता येत नाही. मालाच्या गाडीत माणसं बसवायची म्हणजे नुसता पत्रा बदलणं नव्हे. म्हणून आधी आराखडा, मग आरटीओची परवानगी, मग वेल्डिंग, शेवटी पासिंग. बॉडीवाले मिस्त्री 'आधी बांधून घेऊ, कागद होतील मागनं' असं म्हणत होते, ते ऐकलं नाही. वेळ गेला, पण बांधलेलं तोडावं लागलं नाही.

आराखडा काढताना कळलं की आपण आपल्या रिती किती कमी मोजलेल्या असतात. तिरडीचे बांबू सात-आठ फुटांचे, आणि या गाडीचा हौदा साधारण सात फुटांचा. म्हणून मागची फळी पूर्ण काढून बांबू बाहेर येतील अशी खोबण ठेवली. तिरडी ठेवायची चौकट स्टेनलेस स्टीलची, खाली बेअरिंगवर सरकणारी, जमिनीपासून तीन फुटांवर. खांद्यावरून कमरेपर्यंत आणायची, टोक टेकवायचं आणि पुढं सारायची. खाली पाणी निघून जायला भोक आणि पाइप, कारण गाडी दर वेळी धुतली पाहिजे. पहिल्या आराखड्यात चौकट मधोमध होती. मिस्त्रींनीच टेप लावून दाखवलं, हौद्याची रुंदी पाच फुटांच्या आतली, चौकट मध्ये घेतली तर दोन्हीकडे गुडघासुद्धा मावत नाही. चौकट डावीकडं सरकवली की उजवीकडं चौघांना बसायला बाकडं होतं. तसं केलं. बाकड्यावर बसलेल्या माणसाचा हात सहज तिरडीवर पोचतो. मला ही सगळ्यात मोलाची सुधारणा वाटते.

मग लिंगायत भावकीचे दोघं आले. त्यांच्यात माणसाला बसवून, सजवलेल्या विमानातून नेतात आणि बसलेल्या स्थितीतच पुरतात. झोपलेल्या माणसाच्या मापाची गाडी त्यांच्या काय कामाची? छप्पर वर घेतलं, आणि चौकटीला चार कड्या दिल्या, विमान हलू नये म्हणून. मुसलमान घरांतले चाचा म्हणाले, "जनाजा आमचा खांद्यावरूनच जाणार, कब्रस्तान गावालगत आहे. पण मिरजेच्या दवाखान्यातून माणूस आणायची वेळ येते तेव्हा गाडी लागते." हे तर सगळ्यांचंच आहे. 108 ची रुग्णवाहिका जिवंत माणसासाठी असते. दवाखान्यात माणूस गेला की घरच्यांना रात्री-अपरात्री खाजगी गाडी शोधावी लागते, आणि तेव्हा भावाची घासाघीस करायचं भान कुणाला असतं? त्या एका अडचणीसाठी म्हणून गाडीत बर्फाच्या लाद्यांचा ट्रे बसवला.

रंग आणि चित्रं यांवर मात्र बैठक फार लांबली. कुणाला मागं शंकर हवा होता, कुणाला विठ्ठल. एका पोरानं मोबाइलवर यम आणि रेड्याचं चित्र दाखवलं, कुठल्याशा शहरातल्या गाडीवरचं. बौद्ध वस्तीतले एक गुरुजी शांतपणे म्हणाले, "माझ्या आईला नेताना तिच्या डोक्याशी यम कशाला?" त्यावर उत्तर नव्हतं. मी सेलममधलं सांगितलं. तिकडं माणूस गेला की फुलांचा रथ करतात, झेंडू-शेवंतीनं तो शिगोशीग भरतात, पुढं वाजंत्री लावतात, आणि रस्ताभर पाकळ्या उधळत जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वरात समजून रस्त्यात थांबलो होतो. तसं आपल्याला करायचं नाही, पण माणूस काळ्या नाहीतर पांढऱ्या पेटीतूनच गेला पाहिजे असंही कुठं लिहिलेलं नाही. शेवटी फिकट पिवळा रंग ठरला. देवाचं चित्र नाही, वचन नाही. दोन्ही बाजूंना हूक, ज्याला आपल्या घरचा फोटो, हार, पताका लावायची त्यानं लावावी. मागं फक्त 'गावाची गाडी' एवढी अक्षरं. लोक तिला वैकुंठरथच म्हणतात, ते म्हणोत.

खांद्याचा प्रश्न मात्र उरला होता. भावकीतले जुने लोक म्हणत होते, दारातून थेट गाडीत आणि गाडीतून थेट सरणावर, मग खांदा कुठं राहिला? विसावा कुठं राहिला? ते खरंच होतं. खांद्यावर भार आल्याशिवाय माणूस गेल्याचं खरं वाटत नाही. वडिलांच्या वेळी मला तो भार मिळाला नाही आणि कित्येक वर्षं घरात शिरताना त्यांची चाहूल लागायची. म्हणून ठरवलं: घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत खांदा. गाडी वेशीजवळ विसाव्याच्या दगडापाशी थांबणार, तिरडी उतरवून खाली ठेवणार, खांदेकरी जागा बदलणार, आणि मग पुढं.

पुढं कसं, याला मला 31 जानेवारी 1948 आठवला. गांधीजींची अंत्ययात्रा लष्कराच्या शस्त्रं वाहायच्या गाडीवरून निघाली. लोकांना दर्शन व्हावं म्हणून त्या गाडीची तळफळी रातोरात उंच केली होती. गाडीचं इंजिन मात्र सुरू केलं नाही. चार दोरखंड लावून सैन्याच्या तिन्ही दलांतल्या दोनशे जवानांनी ती ओढत नेली. त्याआधी 1901 मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या वेळी घोडे बिथरले तेव्हा खलाशांनी दोर लावून तोफगाडा ओढला होता, आणि पुढं तीच तिथली रीत झाली. मी म्हटलं, आपल्याकडं चार खांदे भरत नाहीत, पण दोराला म्हातारी माणसं, पोरं सगळी हात लावतील.

मिस्त्रींनी पुढच्या चासीला जाड हूक लावून दिला, पण बजावलं: इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, उतारावर कधीही बंद करायचं नाही, आणि किल्ली चालूवर ठेवायची, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल. म्हणून ओढ्याचा उतार इंजिनवर, गाडी गिअरमध्ये. सपाटीचा शेवटचा तुकडा तेवढा दोरावर, ड्रायव्हर जाग्यावर बसून, हात हँडब्रेकवर.

ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी शेडमध्ये उभी होती. दूध संकलनाची पिकअप चालवणारा एक पोरगा तयार झाला, तर त्याच्या आईनं माझ्यापुढं डोळ्यांना पदर लावला. पोराचं लग्न व्हायचं होतं, पाव्हणे विचारतील पोरगा काय चालवतो. तिचं काळीज मला समजत होतं. पोरगा म्हणाला, "आई, सकाळी दूध बी मीच नेतो." आणि त्यानं किल्ली घेतली. शेड ग्रामपंचायतीच्या मागं, शाळेच्या भिंतीलगत. मुख्याध्यापिकाबाईंनी गाडी वापरात यायच्या आधीच पोरांना आणून दाखवली. पोरं बाकड्यावर बसली, चौकट सरकवून बघितली. एकानं विचारलं, "हिला हॉर्न हाय का?" आहे, साधा हॉर्न आहे, तोही वाजवायचा नाही असं ठरलंय.

पहिल्यांदा गाडी निघाली ती लांबच्या मळ्यावरच्या एका विधवा बाईंसाठी. दोन्ही मुलगे गलाईत, एक गुवाहाटीला, एक कोचीला. धाकटा पोचणार होता, थोरला नाही. थांबायचं कुठवर? घरी लेकी होत्या, सुना होत्या, पुरुष मोजके. घरापासून रस्त्यापर्यंत खांद्याला तीन जण झाले. चौथा बांबू मोकळा होता. थोरली लेक पुढं झाली आणि तिनं तो उचलला. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. रस्त्यावर तिरडी चौकटीवर सारली. लेक सहज बाकड्यावर चढून बसली, तिच्या पाठोपाठ तिची भावजय. आमच्याकडे बायका वेशीवरून मागं फिरतात. या दोघी फिरल्या नाहीत. त्या ओढ्यापर्यंत आईच्या पायावर हात ठेवून बसून होत्या. आम्ही बाकडं केलं ते खांदेकऱ्यांसाठी, त्यावर लेकी बसतील हे आमच्यापैकी कुणाच्याही आराखड्यात नव्हतं. सपाटीला इंजिन बंद झालं, हुकाला दोर लावला. वरच्या आळीच्या आक्का काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी काठी नातवाकडं दिली आणि दोराला हात लावला. ओढण्याइतकं बळ त्यांच्या हातात नव्हतं, पण शेवटपर्यंत त्यांनी दोर सोडला नाही. धाकटा मुलगा सरण रचून होता होता पोचला आणि त्यानं शेवटचा खांदा दिला.

तेव्हापासून लेकी बसतात. काही जुन्या लोकांना पटत नाही, ते तसं बोलूनही दाखवतात. मला ते बरोबर वाटत नाही, आणि हे मी त्यांना सांगितलं आहे.

आता गाडी रुळली आहे. भाडं नाही. डिझेल वर्गणीच्या खात्यातून, शिवाय शेडमध्ये पेटी आहे, ज्याला जे जमेल ते तो टाकतो. ड्रायव्हरजवळ एक वही असते, त्यात नाव, वेळ, कुठून आणलं. मातीहून आल्यावर तो वहीचं पान ग्रामसेवकांना दाखवतो. 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि दुःखाच्या घरात ती हटकून राहून जाते. मग विमा, वारस, सातबारा, सगळीकडे लोक हेलपाटे घालतात. वहीमुळं ते थांबलं. बॅटरी उभ्या-उभ्या उतरते, म्हणून आठवड्याला एकदा गाडी रिकामी चालवून आणावी लागते. आधी ती निघाली की लोक घरात जायचे. आता पोरगा तिच्यातून ग्रामपंचायतीच्या झाडांना पाण्याचे कॅन नेऊ का म्हणून विचारत होता. त्याला नाही म्हटलं. ती गाडी माणसांसाठीच राहील.

परवा आटपाडीकडच्या एका गावचे लोक येऊन मापं घेऊन गेले. त्यांना छप्पर बुटकं चालणार होतं, खर्च वाचतो. मी म्हटलं, गावात लिंगायत घरं आहेत का ते आधी विचारा. आहेत म्हणाले. मग छप्पर वरच घ्या, आणि चौकट डावीकडं. आरटीओच्या अर्जाचा नमुना, आराखड्याची झेरॉक्स आणि मिस्त्रींचा नंबर त्यांना दिला आहे. अजून कुणाला हवं असेल तर विट्याला येऊन आमच्या गावची वाट विचारा, गाडी उघडून दाखवू.